कॅनडाच्या मालिकेतल्या इंदूमावशी

तळेगाव ढमढेऱ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, आधार आणि पासपोर्टचे फोटो, एवढंच काम. मध्यंतरी दीड वर्ष मात्र मी एका टीव्ही मालिकेच्या युनिटवर होतो. कुठल्या प्रसंगात कुणाच्या अंगावर कोणती साडी होती, बांगड्या कोणत्या हातात होत्या, पाण्याचा तांब्या कुठं ठेवला होता, हे सगळं फोटो काढून जपून ठेवायचं. दोन दिवसांनी तोच प्रसंग पुढं सुरू झाला की सगळं आधीसारखं दिसलं पाहिजे. हे काम करताना माणसांकडं बारकाईनं बघायची सवय लागली. इंदूमावशी मला इतक्या तपशिलात आठवतात, त्याचं एक कारण तेही असेल.

मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं. आमच्याकडं सगळे तिला ‘कॅनडाची मालिका’ म्हणत. कारखान्यातली नोकरी सुटलेला एक माणूस बायको आणि दोन मुलांना घेऊन कॅनडाला जातो, तिथं शून्यापासून संसार उभा करतो आणि त्याची म्हातारी आई इकडं गावात एकटी राहते, अशी गोष्ट. खऱ्या कॅनडात युनिट आठच दिवस जाऊन आलं होतं. बाकीचा कॅनडा तळेगावच्या बाहेर, उतरत्या छपरांच्या बंगल्यांच्या एका स्कीममध्ये होता. आणि म्हातारीचं गाव होतं भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, वरवंडच्या अलीकडं कालव्याच्या कडेला. तिथलं जे घर युनिटनं घेतलं होतं, ते इंदूमावशींचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मात्र कॅनडात. आपल्या घराची उरलेली गोष्ट कुठं चालते ते बघायला म्हणून त्या युनिटच्या गाडीत बसून आल्या होत्या. साठीच्या आतबाहेरच्या, उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. बंगल्यासमोरच्या हिरवळीवर माणसं पोत्यांनी पांढरं काहीतरी ओतत होती. मावशींनी खाली वाकून चिमूटभर उचललं आणि जिभेला लावलं.

“हे तर मीठ हाय.”

“हो मावशी,” प्रॉडक्शन मॅनेजर हसून म्हणाला. “कॅमेऱ्यात बर्फासारखं दिसतं.”

“दिसंल की. पण ह्या मातीत पुन्हा काय उगवायचं न्हाई. तुम्ही जाताल मुंबईला. ही जमीन कुठं जाईल?”

“मालकाची परवानगी घेतलीय.”

“मालकाला कळत न्हाई म्हणून तुम्हाला बी कळू नये व्हय?”

आवाज चढलेला नव्हता. पण त्यांनी कोपऱ्यातला खराटा घेतला आणि स्वतःच मीठ एका बाजूला लोटायला लागल्या. पाहुण्या बाई झाडताहेत म्हटल्यावर दोघं-तिघं पुढं आले, मग मॅनेजरही आला. दुसऱ्या दिवसापासून कॅनडात थर्मोकोलचा बर्फ पडू लागला.

मालिकेत त्यांना काम मिळालं ते भाकरीमुळं. आजीची भूमिका करणाऱ्या बाई मुंबईच्या, नाटकात नाव कमावलेल्या. डोळ्यांत पाणी आणायचं तर हुकमी आणत. पण भाकरी त्यांच्या हाताखाली फाटायची. सकाळभर पीठ वाया गेल्यावर दिग्दर्शक म्हणाले, चेहरा यांचा घेऊ, हात मावशींचे घेऊ. त्या दिवसापासून आजी जेव्हा जेव्हा भाकरी थापे, लसूण सोले, चूल सारवे, तेव्हा पडद्यावर मावशींचे हात दिसत.

त्यांच्या उजव्या मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. ते आता नटीच्या हातावरही काढणं भाग पडलं. एके दिवशी मेकअपवाल्यानं मी काढलेला फोटो समोर धरून ते डाव्या हातावर काढलं आणि तसंच प्रसारितही झालं. अख्ख्या महाराष्ट्रातून त्यावर एकच तक्रार आली. ती मावशींची. मला म्हणाल्या, “फोटोवाले, माझ्या डाव्या हातावर काय न्हाई. लोकांना वाटंल, ह्या बाईला दोन हात हायत का चार?”

मला त्या शेवटपर्यंत ‘फोटोवाले’च म्हणाल्या.

नटीला त्या सल्लेही देत. म्हातारी म्हणून त्या बाई कमरेत वाकून चालत. मावशी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “खरं सांगू का? कंबर दुखती तवा माणूस वाकत न्हाई. ताठ चालतो. वाकलं की जास्त दुखतं.” बाईंनी चालून बघितलं आणि पुढचे सगळे भाग त्या ताठच चालल्या. ‘खरं सांगू का’ हे मावशींचं पालुपद होतं. ते ऐकू आलं की युनिटवरची माणसं हातातलं काम थांबवत. पुढं जे येईल ते ऐकण्यासारखं असणार, हे ठाऊक झालं होतं.

संध्याकाळी साडेसातला मालिका लागायची. मावशी ती उभ्यानं बघत. एक हात दाराच्या चौकटीवर, अर्धं अंग बाहेर. त्यांची सून म्हणायची, आत्या, बसा ना. त्या म्हणत, “बसलं की गुंतायला हुतं. जनावरं हायत माझी बाहेर.” जाहिराती लागल्या की गोठ्याकडं एक फेरी मारून परत चौकटीला येत. शेजारच्या खोलीत त्यांचे थोरले दीर राहायचे, आबा. ऐंशीच्या घरातले, विधुर, कमी बोलणारे. दोन्ही वेळचं ताट मावशींकडूनच जायचं. आबा समोर खाटेवर बसून मालिका बघत आणि संपली की न बोलता उठून जात. ते समोर असले की मावशींच्या डोक्यावरचा पदर सरकत नसे आणि आवाज निम्म्यावर येई. थोरल्या दिरापुढं त्यांची ती जुनी रीत होती.

हे कुटुंब मूळचं इथलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. मुळशीकडच्या डोंगरात त्यांचं गाव होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि सरकारनं त्यांना इकडं जमीन दिली. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांच्या, लग्नाला दोन वर्षं झालेली. इथले जुने लोक अजूनही त्या वसाहतीला ‘धरणवाले’ म्हणतात.

“इथं आलो तवा मला झोपच लागंना,” एकदा त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या. “पाठीला डोंगरच न्हाई. चारी बाजूंनी उघडं. आन् बाजरीची भाकरी मला कुठं येत हुती? आम्ही भाताची माणसं. तांदळाची भाकरी निराळी, तिला उकड लागती. इथं पहिल्या दिवशी तव्यावर नुसते तुकडे. शेजारची बाई आली, हसली आन् हात धरून शिकवलं तिनं.”

म्हणजे ज्या हातांच्या भाकरीवर मुंबई-नागपूरच्या बायका खूश होत्या, त्या हातांना एकोणीस वर्षांपर्यंत ती भाकरी ठाऊकच नव्हती. लेखक निनाद तिथंच बसला होता. तिशीतला, चष्मा लावणारा, सतत लॅपटॉप मांडीवर. त्यानं मान वर केली.

त्याला त्या आठवड्यात मोठा प्रसंग लिहायचा होता. कॅनडातून मुलगा आणि सून आजीला न्यायला येतात आणि आजी गाव सोडते. त्यानं लिहिलं होतं असं की आजी अंगणातली माती पदराच्या गाठीला बांधते, भिंतींना हात लावून रडते, सगळं गाव रडतं. दुपारच्या जेवणानंतर त्यानं ते ओट्यावर वाचून दाखवलं. मावशी भांडी विसळत होत्या.

“खरं सांगू का?”

निनादनं वाचन थांबवलं.

“माती कुणी नेत न्हाई वो. सवड कुठं असती? त्या दिवशी कोंबड्या धरायच्या असत्यात, पाटा बांधायचा असतो, कणगीतलं भात पोत्यात भरायचं असतं. आन् रडत बी कुणी न्हाई. ट्रकवाला घाई करत असतो.”

“मग काय होतं, मावशी?”

त्यांनी हातातलं पातेलं उपडं घातलं, पदराला हात पुसले. आबा त्या दिवशी दवाखान्यात गेले होते. ओट्यावर आम्ही तिघंच.

“आमची मालकं जनावरं घेऊन आधीच निघाली हुती. मागच्या ट्रकात सामान. पुढं डायवरशेजारी आबा. मागं सामानावर मी आन् सासूबाई. चढ लागला तवा गाडी तापली. डायवर पाणी आणायला वढ्याकडं गेला, आबा बी त्याच्यासंगं गेले. सासूबाई म्हणल्या, पाय आखडल्यात, जरा उतरते. उतरल्या. लुगडं झटकलं. आन् आलो त्याच वाटंनं माघारी चालाय लागल्या.”

“तुम्ही हाक नाही मारली?”

“न्हाई.”

मावशींनी उपडं घातलेलं पातेलं पुन्हा सुलटं केलं.

“हाक आली हुती तोंडात. पर त्या अशा चालत हुत्या, शेतावर निघाल्यासारख्या. मागं वळून बघितलं बी न्हाई. मला वाटलं, ह्यांना कशाला आडवायचं? वळणापाठी दिसंनाशा झाल्या. तवर डायवर आला, आबा आले, गाडी सुरू झाली. आबांनी पुढनंच वरडून विचारलं, सगळं ठीक हाय ना? मी व्हय म्हणले.”

वरवंडला पोचल्यावर कळलं की म्हातारी नाही. इंदूमावशींनी सांगितलं, मला डुलकी लागली, कुठं उतरल्या कळलं नाही. आबा दुसऱ्या दिवशी परत गेले. आई पाण्याच्या रेषेच्या वर, धनगरांच्या दोन घरांजवळ खोप घालून बसली होती. मी इथंच राहते, म्हणाली. आबा दोनदा आणायला गेले, दोन्ही वेळा ती आली नाही. तीन पावसाळे तिथं काढून ती वारली.

“एवढं लिवा,” मावशी म्हणाल्या, “जमलं तर.”

निनादनं लिहिलं. चित्रीकरण हायवेवर झालं, एका चहाच्या हॉटेलासमोर. गाडी थांबते, मुलगा आणि ड्रायव्हर पाणी आणायला उतरतात, आजी उतरते, साडी झटकते आणि गावाच्या दिशेनं चालू लागते. मागच्या सीटवरून सून बघत राहते. तिच्या तोंडात हाक येते आणि ती मारत नाही. मावशी बाजूला उभ्या होत्या. दिग्दर्शकांनी ‘कट’ म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नटीनं येऊन मावशींचा हात धरला. मावशी म्हणाल्या, “चांगलं झालं. जरा आणखी भरभर चालत हुत्या त्या.”

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी त्यांच्याच घरी होतो, दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी ओट्याचे फोटो घ्यायला. आबा खाटेवर. मावशी चौकटीत. आजी वळणापलीकडं गेली, सुनेचा चेहरा पडद्यावर राहिला, जाहिराती लागल्या. मावशी गोठ्याकडं गेल्या नाहीत. आबांनी त्यांच्याकडं बघितलं. कितीतरी वेळ बघत होते. मग उठले, चपला घातल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं.

त्यानंतर ताट परत यायला लागलं. सून घेऊन जायची, तसंच भरलेलं घेऊन यायची. आबा हायवेवरच्या टपरीवर वडापाव खाताना दिसले, असं कुणी कुणी सांगायचं. ऐंशी वर्षांचा माणूस. मावशी ताट मात्र रोज दोन वेळा वाढत. एका दुपारी मी विचारलं, मावशी, तुम्हाला माहीत होतं ना, आबा बघणार म्हणून?

“माहीत हुतं.”

“मग?”

“मला तोंडानं सांगायला कवा जमलं न्हाई, फोटोवाले. त्यांच्यापुढं उभं राहून चार शब्द बोलायची सवय न्हाई मला. मालकं हुती तवर म्हटलं, ती सांगतील. ती बी गेली. मग म्हटलं, आता ह्या टीव्हीवाल्यांनीच सांगावं.”

नवव्या की दहाव्या दिवशी आम्ही मावशींच्या अंगणात काम करत होतो. दिवे लागले होते, नटी ओट्यावर बसली होती, मावशी तिच्याजवळ उभ्या होत्या, ध्वनिमुद्रणवाल्यानं शांततेची खूण केली होती. आबा काठी टेकत सरळ कॅमेऱ्यासमोर शिरले. कुणी अडवायच्या आत ते मावशींसमोर उभे होते.

“तू बघितलंस?”

मावशींनी पदर पुढं ओढला. “व्हय.”

“आईला जाताना?”

“व्हय, आबा.”

“आन् मला वाटायचं मी विसरून आलो तिला.” आबा म्हणाले. “मागं बघितलं न्हाई, माणसं मोजली न्हाईत, तसाच गाडीत बसलो. पुन्यांदा गेलो तवा ती धड बोलंना. मला वाटलं, रागावली. आपल्याला टाकून गेला म्हणून रागावली. इतकी वर्षं मी हेच धरून बसलोय. आन् तुला ठावं हुतं.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.”

माझ्या हातात कॅमेरा होता, मी तो खाली केला. आबा दोन्ही हातांनी काठी धरून उभे होते. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, “रडत हुती का?”

“न्हाई,” मावशी म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी पदर मागं सारून दिराच्या तोंडाकडं बघितलं. “आबा, ताठ चालल्या हुत्या त्या. लग्नाच्या घरी निघाल्यासारख्या. त्यांना कुणी टाकलं न्हाई. त्यांनीच आपल्याला वाटंला लावून दिलं.”

आबा ओट्याच्या कडेला बसले, नटीच्या शेजारीच. दिग्दर्शकांनी दिवे बंद करायला सांगितले. त्या दिवशी पुढं काम झालं नाही. मावशींनी आत जाऊन ताट वाढून आणलं. आबांनी ते तिथंच, आम्हा सगळ्यांच्या देखत, सावकाश संपवलं. युनिटमधली माणसं उगाच वायरी गुंडाळत राहिली.

मालिकेत पुढं काय झालं ते सांगायला हवं. आजी परत गेली हे प्रेक्षकांना पसंत पडलं नाही. वाहिनीवरून निरोप आला आणि तीन आठवड्यांत निनादला तिचं मन वळवून तिला कॅनडात न्यावं लागलं. बंगल्याच्या अंगणात थर्मोकोलच्या बर्फात नातवंडं तिला बिलगली. निनाद मावशींसमोर यायला लाजत होता. त्याच म्हणाल्या, “असू द्या वो. टीव्हीवाल्यांचं बरं हाय. त्यांना गेलेलं माणूस माघारी आणता येतं.” काही महिन्यांनी कॅनडातल्या कुटुंबानं स्वतःचं घर घेतलं आणि मालिका संपली. युनिट गेलं, मी पुन्हा पासपोर्टचे फोटो काढू लागलो.

त्या हिवाळ्यात मावशींचा फोन आला. आबा एकदा धरणावर जायचं म्हणतात, माझ्या मुलाला कारखान्यातून सुटी नाही, तुमची गाडी आहे ना. मी दोघांना घेऊन गेलो. एका चढावर आबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाहीत, काच खाली करून वळणाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, चला.

धरणाच्या काठी आता रिसॉर्ट झाले आहेत. म्हातारीची खोप जिथं असावी असं आबांनी दाखवलं, तिथं गाड्या लावायची जागा होती. फरसबंदी, सिमेंटचे बाक, उकडलेल्या मक्याचा गाडा. पाणी काठोकाठ होतं, खालचं काही दिसण्यासारखं नव्हतं. आबा कठड्याला धरून उभे राहिले. मावशी दोन पावलं मागं. मग त्यांनी पुढं होऊन आबांच्या शेजारी कठड्यावर हात ठेवला. एवढ्या दिवसांत त्या आबांच्या शेजारी अशा उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. दोघं पाण्याकडं बघत होते. मला मागून दोन पाठी दिसत होत्या.

गणवेशातला एक रखवालदार आला. बोलण्यावरून तिथलाच, आसपासच्या डोंगरातला. म्हाताऱ्या माणसांना बघून त्यानं खुर्ची आणली. आबा बसले.

“फिरायला आलात का, मावशी?” त्यानं विचारलं. “कुठले तुम्ही?”

आबांनी तोंड उघडलं होतं. पाण्याकडं हात करून ते काहीतरी सांगणार होते. पण त्यांच्याआधी मावशी बोलल्या. सहज, मागंपुढं न बघता.

“आम्ही व्हय? आम्ही दौंडकडचे.”

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. हात खाली घेतला. मग मान हलवून तेही म्हणाले, “व्हय, दौंडकडचे. लांबचे हाय आम्ही.”

परत येताना आबा झोपले. मावशी जाग्या होत्या. वरवंडच्या अलीकडं कालव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी पुरती थांबायच्या आतच त्यांनी दार उघडलं. म्हणाल्या, “फोटोवाले, आबांना सावकाश उठवा. मी पुढं हुते, धारंची येळ झाली.” आणि काष्टा सावरून, भरभर पावलं टाकत, मोकळ्या रानातून त्या घराकडं चालत गेल्या.